सांगायच्या वस्तू

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात माझी आई विमानानं ऑस्ट्रेलियाला गेली. दोन्ही गोष्टींवर आमच्या गल्लीचा सारखाच अविश्वास होता. रेल्वे दिसली तेव्हा पहिलीवर विश्वास बसला. दुसरीवर बसायला वेळ लागला, आईचासुद्धा.

माझी मोठी बहीण, अक्का, लग्नानंतर मेलबर्नला गेलेली. पहिलं बाळंतपण. आठव्या महिन्यापासून तिचं बीपी चढायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवस पूर्ण भरायची वाट बघता येईलच असं नाही. तिला सासू नाही. दाजींना कामावरून मोजून आठ दिवसांची सुट्टी. फोनवर अक्का रडत नसे, पण बोलता बोलता गप्प व्हायची. त्या गप्प होण्यावरूनच आईनं ठरवलं, आपण जायचं. तोवर हैदराबादच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. मराठी, कामापुरती हिंदी आणि माहेरची, उदगीरकडची कानडी एवढ्या भाषा तिला येत. इंग्रजी माझ्या वाट्याला होती.

आमच्या घरात इंग्रजीत छापलेला कागद आला की तो कुणी वाचत नसे, माझ्यापुढे आणून ठेवत. मिक्सरचं माहितीपत्रक असो की रक्त तपासल्याचा रिपोर्ट. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणजे मला हे सगळं कळतं, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मला बोलता येत नाही हेही तसंच धरून ठेवलेलं. पाहुणे आले की मी तांब्या ठेवून आत जायची आणि मागून आईचा आवाज यायचा, "आमची ही मुकी हाय. पण कागद वाचती."

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्या बाईसाठी तिकिटाआधी सोबत बघतात. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दहा ठिकाणी फोन करून सोबत शोधली. नांदेडच्या एक निवृत्त नर्स. तीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली निम्मी किनवटच्या जंगलातल्या आरोग्य केंद्रांवर. त्यांचा मुलगा मेलबर्नलाच होता आणि त्या दुसऱ्यांदा त्याच्याकडे चालल्या होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिकिटं एकाच विमानाची काढली आणि एका रविवारी आई आणि मी एसटीनं त्यांना भेटायला नांदेडला गेलो.

दारातच सिस्टरनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. चहापाणी राहिलं बाजूला.

"लातूरहून आलाव ना? आधी आंघोळ करून घ्या."

आई ओशाळली. "आंघोळ करूनच निघालाव की."

"कशाची? तांब्याभर पाण्याची? माझ्या बोअरला पाणी हाय अजून. जावा. टॉवेल खुंटीला हाय. पोरी, तू बी जा नंतर. लाजून नको राहू."

आई आत गेली ती बराच वेळ आली नाही. पाणी पडल्याचा आवाज येत होता, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. आपण किती वापरतोय याचा ती आत उभी राहून हिशेब करत असणार. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले होते. कपाटावर बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्याशेजारी सिस्टरांचा टोपीतला जुना फोटो. त्यांनी माझ्यापुढे अर्धापूरच्या केळ्यांची फणी ठेवली.

"खा. माझ्या पोराला ही केळी लई आवडतेत. पण तिथं केळाचं नाव काढायचं न्हाई. मागच्या बारीला एक पर्समधी राहून गेलं होतं, तर कुत्र्यानं धरलं."

मी बघत राहिले. "कुत्र्यानं?"

"वासाचं कुत्रं असतंय. एवढंसं. गोड दिसतंय, येऊन गुमान पायाशी बसतंय. आपल्याला वाटतं, वा, कुत्र्याला बी आपण आवडलो. मागून साहेब येतोय." त्या स्वतःच हसल्या. "पण मी कार्डावर लिवलं होतं, खाण्याचं सामान हाय म्हणून. त्यामुळं नुसतं केळ गेलं. न लिवता सापडलं असतं तर दंड, अन् व्हिसाला बी भोवलं असतं. हे ध्यानात ठेव. तिथं आणायला तेवढी बंदी न्हाई, जेवढी लपवायला हाय. जे हाय ते सांगायचं. नको असंल ते काढून घेतेत, बाकीचं देतेत."

मी मान हलवली. हे वाक्य मला पूर्ण कळलं होतं आणि ते ऐकायला आई खोलीत नव्हती. हे मी आज लिहू शकते. तेव्हा लक्षात आलं नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. तिनं केस धुतलेले मी दीड महिन्यानं बघत होते. सिस्टरनी तिला खुर्चीवर बसवलं आणि गोळ्या दाखवा म्हणाल्या. आईनं पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली. आत पाकिटाचे कातरलेले तुकडे आणि सुट्या गोळ्या.

"ही कशाची?"

"बीपीची. पांढरी."

"अन् ही?"

"शुगरची. ती बी पांढरी, पण जरा मोठी."

"तिथल्या साहेबाला असंच सांगणार का, जरा मोठी म्हणून? अख्खी पाकिटं घ्या. नाव दिसलं पाहिजे. डॉक्टरकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. अन् हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत न्हाई. बॅग एखाद्या बारीला भलतीकडंच जाती. आन् विमानात बसून राहायचं न्हाई, दर थोड्या वेळानं उठून चालायचं. पायात रक्ताची गाठ झाली तर लई वाईट. पाणी प्यायचं भरपूर."

"मी पाणी कमीच पिते आता. सवय झाली."

"ती सवय लातूरला ठेवून या. विमानात मागितलं की देतेत. कुणी भांडं मोजत न्हाई."

मी आईच्या पर्ससाठी एक कागद तयार करत होते. नाव, पत्ता, रक्तगट, औषधं, अक्काचा फोन. जन्मस्थान लिहिलं, उदगीर, जिल्हा लातूर. आईनं वाकून विचारलं, काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं.

"लातूर कशाला लिहितीस? जिल्हा उदगीर लिही. मी परत येईपर्यंत होतोय. मामा म्हणायलाय तुझा."

"उदगीर?" सिस्टर म्हणाल्या. "आधी किनवट होणार. किनवटच्या बाईला नांदेडला यायचं तर अर्धा दिवस मोडतोय. मी जीपमधी बाळंतपणं केलेत, बाई. तुमच्या उदगीरला कशाची घाई हाय?"

"घाई न्हाई कशी? मी जन्मले तवा उदगीर उस्मानाबादेत होतं. शाळा सुटली अन् लातूरमधी गेलं. आता आपल्या पायावर उभं राहायचं का न्हाई त्यानं?"

दोघी मोठ्यांदा हसल्या आणि मला कळलं, ही सोबत जमली. मी लातूर तसंच ठेवलं.

परत आल्यावर मी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पानावरचे नियम वाचायला बसले. एकेक ओळ वाचायची आणि आईच्या बॅगेकडे बघायचं. बॅगेत मेथ्या होत्या, हळीव, खारीक, तुपातले डिंकाचे लाडू, सुंठीची पूड, बाळाच्या घुटीसाठी वेखंड. आणि मामानं उदगीरहून आणून दिलेली कापडी थैली. आमच्यात बाळाला इष्टलिंग बांधतात. थैलीत त्या लिंगाची चांदीची डबी होती आणि विभूतीची वडी होती. विभूती म्हणजे गाईच्या शेणाची गोवरी जाळून, ती राख गाळून, कालवून, वाळवून केलेली. कपाळाला लावायची. जन्मल्यापासून मी ती लावत आले होते. आणि त्या सरकारी पानावर, प्राण्यांपासून झालेल्या वस्तूंच्या यादीत, शेण हा शब्द इतक्या गंभीरपणे छापलेला होता की मला माझ्याच कपाळावर हात फिरवावा वाटला.

मी बॅगेतून एकेक वस्तू बाहेर काढायला लागले.

"काय करायलीस?"

"हे चालत नाही."

"का बरं?"

"नियम आहे."

मला एवढंच बोलता आलं. सिस्टरनी मला जे सांगितलं होतं ते आईला सांगायचं तर पाच-दहा वाक्यं लागली असती. विभूतीबद्दल बोलायचं तर बाहेरच्या खोलीत बसलेल्या मामासमोर शेण, जंतू, तपासणी हे शब्द काढावे लागले असते. काढून टाकणं सोपं होतं. मेथ्या, हळीव, खारीक, लाडू, सुंठ, वेखंड मी स्वयंपाकघरातल्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरले. विभूती देवघरातल्या पत्र्याच्या डबीत ठेवली. लिंग दगडाचं, ते बॅगेत राहिलं. आई माझ्या हाताकडे बघत राहिली.

ते बघणं मला ओळखीचं वाटायला हवं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सगळ्या बायका तसंच बघायच्या. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, टँकर कधी यायचा, कधी नाही. मिळेल ते पाणी भरून ठेवायचं आणि झाकायचं. आप्पांचं हार्डवेअरचं दुकान. त्या सालात त्यांनी ड्रम आणि टाक्या यांशिवाय फारसं काही विकलंच नाही, आणि आमच्या घरात त्यातले दोन निळे ड्रम होते. त्यांच्यावर पाट, पाटावर चादर, चादरीवर उशा. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "पाणी आलं का?" आई म्हणायची, "न्हाई बाई." काकूंच्या पलंगाखालीही घागरी असायच्या. आई विचारायची तेव्हा काकूही म्हणायच्या, "कुठलं आलंय." याला कुणी खोटं मानत नव्हतं. असेल ते नाही म्हणायचं, ही त्या दिवसांतली रीतच होती. मीही हेच ऐकत होते, आणि तरी कार्डावरच्या नाहीचा विचार करताना मला ते आठवलं नाही.

कार्ड म्हणजे तिथं उतरण्याआधी विमानात भरायला देतात ते. त्याचा नमुना मी छापून आणला आणि प्रत्येक प्रश्नाखाली मराठी लिहिलं. आई समोर बसली. एका प्रश्नात होतं, गेल्या तीस दिवसांत शेतात, गुरांजवळ, नदी-ओढ्याच्या पाण्यात गेलात का?

"शेतात गेले की. मामाच्या."

"नदीत?"

"मांजरेत उतरून पलीकडं गेले. चप्पलसुद्धा ओली झाली न्हाई. ते धरायचं का?"

आप्पा पेपर बाजूला ठेवून हसले. मीही हसले. मग पुढचं सांगावं लागलं, की शेताची माती चपलेला लागलेली चालत नाही, चपला धुवाव्या लागतील. आई उठून उभी राहिली.

"प्यायला पाणी न्हाई, अन् ही चपला धुवायलीय! गल्लीत कळलं तर तोंड काढायला जागा न्हाई."

"आतल्या मोरीत धुते."

"नवी घ्यावी त्यापेक्षा."

"नवी चावते तुला," आप्पा म्हणाले. त्यांनी स्वतः ड्रमवरच्या उशा काढल्या, चादर काढली, पाट सरकवला आणि अर्धा मग पाणी काढून माझ्या हातात दिलं. "धू दे तिला. सरकारी काम हाय."

मी जुन्या दातांच्या ब्रशनं चपलांच्या तळाची मामाच्या शेतातली काळी माती काढली. अर्ध्या मगात दोन्ही चपला झाल्या. आई दाराला पाठ लावून उभी होती, काकूंना दिसू नये म्हणून. धुतलेलं गढूळ पाणी तिनं बादलीत धरलं आणि संडासात वापरायला ठेवलं.

नमुन्यावर मी बाण काढून दिले. औषधं आहेत, हो. शेतात गेलात, हो. बाकी सगळं नाही. "असंच उतरवायचं," मी म्हणाले. आईनं कागद चौघडी करून पर्समध्ये ठेवला.

हैदराबादच्या विमानतळावर सकाळी सिस्टर आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. आईच्या हातात घरून भरून आणलेली लिटरची बाटली होती. मी सांगितलं, ही आत नेऊ देणार नाहीत, रिकामी कर.

"ओतू म्हणतीस? पाणी?"

ती कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहिली, टोपण काढलं आणि एक लिटर पाणी तिथंच, न थांबता पिऊन टाकलं. मध्ये एकदा श्वास घेतला तेवढाच. लोक बघत होते.

"प्या, प्या," सिस्टर म्हणाल्या. "आता विमानात चाला म्हणून सांगायची गरजच पडणार न्हाई."

आईनं रिकामी बाटली आप्पांकडे दिली, माझ्या गालावर हात फिरवला आणि दोघी आत गेल्या. आईच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. ते मी बघितले. कुठल्या विभूतीचे, असा विचार केला नाही.

दुपार कलताना आम्ही लातूरला परत आलो. आईनं जाताना एकच काम सांगितलं होतं, देवापुढे दिवा लाव. मी हातपाय पुसून देवघरात गेले. पत्र्याची डबी तिरकी ठेवलेली दिसली म्हणून सरळ करायला उचलली, तर हलकी लागली. उघडली. आत काही नव्हतं.

स्वयंपाकघरातला मोठा डबा उघडला. तोही रिकामा. आतून धुतलेला नव्हता, फडक्यानं स्वच्छ पुसलेला होता.

मी तिथंच खाली बसले. आई नाही म्हणणार होती. माझ्या अक्षरातल्या कागदावर बघून, माझ्या बाणांप्रमाणे, एकेका चौकोनात ती नाहीची खूण करणार होती, आणि बॅगेत सगळं होतं. ते छोटं कुत्रं तिच्या पायाशी येऊन बसणार होतं. तिला काय विचारलं ते कळणार नव्हतं. दंड मला दिसत होता, पण त्याहून जास्त मला ती खोली दिसत होती जिथं तिला थांबवून ठेवतील, परत पाठवतील, आणि अक्का तिकडे बीपी चढलेलं घेऊन दवाखान्यात एकटी जाईल.

आप्पांना सांगितलं, "आई विभूती घेऊन गेली."

"मग? बरं झालं की."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. "कुठं असतील आता?"

मी घड्याळ बघितलं. "सिंगापूरला. पुढचं विमान निघायला दोन तास आहेत."

"मग लाव फोन सिस्टरला. त्यांच्या पोरानं बाहेरदेशी चालणारा फोन करून दिलाय म्हणाल्या होत्या."

"तुम्ही लावा."

"मी काय बोलू? त्या कार्डातलं मला काय म्हाईत? तुला म्हाईत." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर पाटावर बसले, उठून जाता येऊ नये अशा बेतानं.

परक्या माणसाला फोन करायचा तर मी आधी कागदावर वाक्यं लिहून घेत असे. त्या दिवशी कागद घ्यायला उठले नाही. तिसऱ्या वेळी फोन लागला. मागं कुठल्यातरी भाषेतली सूचना मोठ्यानं चालू होती.

"हां, कोण?"

"मी. लातूरची."

"कोण लातूरची? जोरानं बोल!"

"लातूरची! आईची... मी ती..."

"मुकी का?"

"हो!"

"बोल की मग!"

"आई कुठे आहे?"

"संडासला. तिसऱ्यांदा. एक लिटर पाणी पिलीया बाई."

"सिस्टर, तिच्या बॅगेत विभूती आहे. शेणाची असते ती. मेथ्या आहेत, हळीव, लाडू. मी काढून ठेवलं होतं, तिनं परत भरलं. आणि कार्डावर मी नाही लिहून दिलंय. तिला ते उतरवू देऊ नका. तिला सांगा, हो करायचं."

"कशाला हो? आवाज येईना."

"सगळं! सगळं हो करायचं!"

"सगळं हो. बरं. सांगते. तू रडू नको." फोन तुटला. मी रडत होते हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आप्पांनी पाणी आणून दिलं, पूर्ण भरलेला पेला.

सकाळी आम्ही दोघं फोनजवळ बसलो होतो. तिथली साडेदहाची वेळ असेल. अक्काचा नंबर दिसला आणि आवाज आईचा आला. पहिलं वाक्य ऐकताच आप्पा भिंतीला टेकले.

"पोचले बाई. अक्काच्या घरात बसलेय. चहा पिलालेय."

"आणि तिथं? कार्ड?"

"अगं, तू म्हणलीस ना सगळं हो? मी सगळं हो केलं."

"सगळं म्हणजे?"

"जेवढे चौकोन होते तेवढे. सिस्टर झोपल्या होत्या. मी म्हणलं कशाला उठवायचं, सगळंच हो हाय की."

मागून अक्काचा हसण्याचा आवाज येत होता, असा की तिला श्वास घेता येत नव्हता. आई सांगत गेली. कार्ड घेणारी बाई तरुण होती, पोरीसारखी. तिनं कार्ड बघितलं, आईकडं बघितलं, परत कार्ड बघितलं. मग सिस्टरना विचारलं, या बाईंकडं बंदूक कुठं आहे? तंबाखू किती आहे? रोख दहा हजार डॉलरच्या वर आहेत का? गेल्या सहा दिवसांत आफ्रिकेला गेल्या होत्या का?

"सिस्टर म्हणल्या, नो गन मॅडम, नो आफ्रिका, ओन्ली लातूर. हर डॉटर सेड ऑल यस. ती बाई इतकी हसली, दुसऱ्या साहेबाला बोलावून दाखवलं. मग नवं कार्ड आणून तिनंच भरलं, एकेक विचारून."

"बॅग उघडली?"

"उघडली. मेथ्या गेल्या, हळीव गेला, वेखंड गेलं. लाडू गेले, त्याचं वाईट वाटलं. सुंठ अन् खारीक दिली परत. लिंगाची डबी उघडली, बघितली, अन् दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. विभूती वास घेऊन बघितली. म्हणली काय हाय? मी कपाळ दाखवलं. म्हणली कशाची करतेत? सिस्टर लाजायला लागल्या, काऊ, काऊ म्हणून थांबायल्या. मी म्हणलं, सिस्टर, शेण म्हणा की. आमच्या मुकीनं सांगितलंय सगळं सांगायचं."

"मग?"

"मग ती घेतली तिनं. तिचं काम हाय ते. पण दंड न्हाई, काही न्हाई. थँक्यू म्हणली मला. सांगितलं म्हणून थँक्यू! अन् मग चपला उलट्या करून बघितल्या." आईचा आवाज जरा खाली आला. "स्वच्छ होत्या."

मी विचारलं, "परत का भरलंस तू सगळं?"

"तू नुसतं नाही म्हणलीस. का, ते कुठं सांगितलंस? मला वाटलं, पाण्यासारखंच असंल. विचारलं तर नाही म्हणायचं, अन् न्यायचं."

तिसऱ्या दिवशी अक्काला दवाखान्यात न्यावं लागलं, ठरल्यापेक्षा आधी. आई तिच्या उशाशी होती. मुलगी झाली. दोघी ठीक होत्या. अक्कानं नंतर सांगितलं, आई बाळाच्या कपाळाला लावायला विभूती नाही म्हणून क्षणभर थांबली. मग स्वतःच्या कपाळाला बोट घासलं. हैदराबादला लावलेल्या पट्ट्यांतलं काही उरलं असेल असं अक्काला वाटलं नाही. आईला वाटलं. तिनं ते बोट बाळाच्या कपाळाला टेकवलं आणि तिचं समाधान झालं.

ही बातमी आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आप्पा दुकानाची किल्ली हातात घेऊन नुसतेच फिरत होते. मी अंगणात आले. भिंतीवरून काकूंनी रोजच्यासारखं विचारलं, "पाणी आलं का गं?"

आदल्या संध्याकाळी टँकर आला होता. दोन्ही ड्रम भरलेले होते, उशांखाली.

"आलं, काकू," मी म्हणाले. "काल संध्याकाळी. दोन ड्रम भरलेत. आणि अक्काला मुलगी झाली. अडीच किलोची आहे. बीपी उतरलंय. आई वेळेवर पोचली, विमानतळावर तिनं बंदूक आहे म्हणून लिहिलं होतं, पण सोडलं तिला."

काकू भिंतीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. एवढं मी त्यांच्याशी गेल्या दहा वर्षांत मिळूनही बोलले नसेन. घरात आप्पांच्या किल्लीचा आवाज थांबला होता.

"थांबा," मी म्हणाले, "उशा काढते. घागर घेऊन या."